बापाच्या कानात लेकीचं मशीन

त्या वर्षी थंडी पाहुणी म्हणून आली नाही, बिऱ्हाड घेऊनच आली. सकाळी उतरलेलं धुकं दुपार कलली तरी उठायचं नाव घेत नसे. नळाचं पाणी हाताला चावायचं. कोंबड्यांच्या शेडचे पडदे दिवसभर खाली सोडलेले. आत शेगड्यांचा धूर, जमिनीवर पसरलेल्या तुसाची धूळ आणि नाकाडोळ्यांना झोंबणारा वास. अशात पिल्लांची गाडी आली.

कालच अंड्यातून निघालेली पिल्लं. ज्यानं चोच दिली तो चारा देतो, हे खरं. पण ऊब द्यायला तो कुणातरी माणसाला नेमतो, आणि ह्या शेडवर नेमलेला माणूस होता भिंगरीचा बाप. पिल्लाला गार लागलं की ते ओरडतं. एक ओरडलं की बाकीची त्याच्याकडे धावतात, एकमेकांच्या अंगाखाली शिरतात, ढीग होतो, आणि तळाची गुदमरून मरतात. धुरात काही दिसत नाही. म्हणून शेडवाल्याला डोळ्यांहून कान जास्त लागतो. ओरडणं कोणत्या कोपऱ्यातून येतंय, नुसती कुजबुज आहे की किंकाळी, त्यावर शेगडी कुठे सरकवायची ते ठरतं.

आणि शेडवाल्याचे कान तर केव्हापासून उतरणीला लागले होते. तरुणपणी खाद्य भरडायच्या चक्कीवर काढलेली वर्षं त्यानं कानांनी फेडली होती. कानामागे मशीन लावून त्याचं भागायचं. घरात दुसरं मशीन भिंगरीचं. ती जन्मतःच ऐकत नव्हती. तिच्या कानामागे मशीन बसल्यापासून ती बोलायला लागली होती, आणि एकदा लागली ती थांबेच ना. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं.

दोन्ही मशीनं दिसायला जुळी. कानामागे बसणारी शेंग, शेंगेला वर आकडा, आकड्याला पारदर्शक नळी, नळीच्या टोकाला कानाच्या खळग्यात बसणारा साचा. साचा ज्याच्या त्याच्या कानाचं माप घेऊन केलेला, बाकी सगळं सारखं. ती राखायचं काम भिंगरीच्या आईचं. दिवस मावळताना उंबऱ्याशी बसून ती नळी आकड्यापासून सोडवायची, साचे कोमट पाण्यात साबणानं धुवायची, रबरी फुग्यानं नळीत हवा मारून थेंब उडवायची. मशीनला पाणी लागू द्यायचं नाही, नुसतं कोरड्या फडक्यानं पुसायचं, सेलचं दार उघडं ठेवायचं आणि ओल शोषणाऱ्या मण्यांच्या डबीत झाकून ठेवायचं. सकाळी सेल घालून मशीन मुठीत धरायचं. मुठीतून शिट्टी आली की मशीन जिवंत.

थंडी पडली तसा शेडवाला मशीन उतरवून देईना. म्हणायचा, "पिल्लं काय माझ्या झोपेसाठी थांबणारेत? राहू दे कानातच." शेगड्यांवर पाण्याची भांडी ठेवलेली, त्यांची वाफ, अंगाचा घाम, तुसाची धूळ, सगळं त्या शेंगेत शिरत राहिलं. एका सकाळी तिनं मशीन मुठीत धरलं, तर मूठ गप्प. सेल बदलला. नळी फुंकली. डबीत ठेवून पाहिलं. काही नाही. शेवटी अंड्यांच्या गाडीवाल्याबरोबर ते तालुक्याला दुरुस्तीला पाठवलं.

"कधी येईल?" नवऱ्यानं विचारलं.

"येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिनं हातानं खूण केली.

मधले दिवस तिनं रेटले. त्यांच्या राहायच्या खोलीची भिंत शेडला लागून होती. भाकरी थापता थापता तिला पलीकडून किंकाळी ऐकू आली, की ती पिठाचे हात तसेच घेऊन धावायची आणि नवऱ्याचा खांदा धरून त्याला त्या कोपऱ्याकडे वळवायची. पण एकदा मालक शेडमध्ये उभा असताना ती अशी धावत आली.

मालक हसला. "काय रे, शेड तू बघतोस की तुझी बायको? पगाराला कुणाला बोलवू?"

शेडवाल्याला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. मालक गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "तू परत आत येऊ नकोस. माझी शेड आहे."

तिनं मान हलवली. त्यानंतर किंकाळी आली तरी ती जागची हलत नसे. तव्यावरची भाकरी उलटायची आणि भिंतीकडे बघत राहायची.

आणि मग ती सकाळ आली. पडदा उचलून पाहिलं तर लांबच्या कोपऱ्यात ढीग. वरची पिल्लं काढली तशी खालची चपटी, ओली, गार. शेडवाला गुडघे टेकून बसला आणि एकेक उचलून घमेल्यात टाकू लागला. कुठलं जिवंत असेल म्हणून आधी प्रत्येकाला बोटानं ढोसायचा. मालक येऊन उभा राहिला. ह्या वेळी तो हसला नाही, आवाजही चढवला नाही. शेडवाल्याला समजावं म्हणून बायकोकडे बघत, सावकाश बोलला.

"तुमच्यावर राग नाही माझा. पण कान नसलेल्या माणसाच्या हाती मी शेड कशी ठेवू? अजून असं एकदा झालं, तर दुसरा माणूस बघावा लागेल. आणि खोली शेडबरोबरच असते, हे तुम्हाला ठाऊक आहे."

शेडवाला बायकोला म्हणाला, "काय म्हणतोय?"

"काही नाही," ती म्हणाली. "जपा म्हणतायत."

घमेलं उचलून तो खड्ड्याकडे गेला. ती खोलीत आली. भिंगरी शाळेत जायला निघाली होती, स्वेटरच्या बाह्या दातांनी ओढत. कानामागे मशीन, नळीला आईनं बांधलेला दोरा. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे करून मशीन काढून घेतलं.

"का?" भिंगरी म्हणाली.

"बाबांना. थोडे दिवस."

भिंगरीला शब्द ऐकू गेले नाहीत, पण हात कळला. आईनं नळी ओढून लेकीचा साचा सोडवला आणि नवऱ्याचा साचा आकड्याला बसवला. अगदी चपखल बसला. इतका, की तिला वाटलं देवानंच तो घालून दिला. बाहेरून सारखी दिसणारी दोन माणसं आतून वेगळी असतात, हे तिनं उभा जन्म पाहिलं होतं. मशीनचं मात्र तिच्या मनातही आलं नाही.

खड्ड्यावरून तो परतला तेव्हा तिनं त्याला हात धुवायला लावले आणि मशीन त्याच्या कानामागे बसवलं. तो दचकला. मान आखडून, डोळे मिटून उभा राहिला. मग डोळे उघडले आणि भांबावल्यासारखा चारीकडे बघू लागला.

"अगं," तो म्हणाला, "चूल वाजतेय."

"चूल नेहमीच वाजते."

"हळू! ओरडतेस कशाला?"

"तुमच्याशी ओरडूनच बोलायची सवय झालीय, आता ती एका दिवसात कशी जाईल?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. शेडमध्ये गेला आणि तिथूनच त्याची हाक आली, "अगं ए, ह्यांची पावलं वाजतात! तुसावर पावलं वाजतात ह्यांची!"

ती चुलीपुढे बसून राहिली. भिंगरी दप्तर घेऊन तशीच शाळेत गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ठरलं की शाळेच्या वेळात मशीन लेकीचं, बाकी वेळ बापाचं. रोज दोनदा साचे बदलायचे. गारठलेल्या बोटांनी नळी ओढायची, तिला पीळ पडू नये म्हणून जपायचं. पुढे धुकं इतकं दाटलं की शाळेच्या रस्त्यावर हातभर पुढचं दिसेना. भिंगरीची शाळा बुडू लागली. मग मशीन दिवसभर बापाकडेच राहिलं. शाळा सुरू झाली तरी आईनं साचा बदलला नाही. विसरली असंही नाही आणि ठरवलं असंही नाही. त्या दिवसांत घरात कुणी काही ठरवत नव्हतं. उठायचं, राख काढायची, कोळसा घालायचा, पाणी भरायचं.

सुरुवातीला भिंगरी सकाळी कानाशी हात नेऊन समोर उभी राहायची. आई मान हलवायची. मग तिनं उभं राहणं सोडलं. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, की पोरगी मागच्या बाकावर जाऊन बसते, कुणाशी बोलत नाही. घरीही पाणी हवं असेल तर ती तांब्या वाजवायची. तिचे शब्द एकेक करून गळू लागले, आणि जे उरले त्यांच्या कडा झिजल्या. आईला ते ऐकू येत होतं. ती उठून पाणी द्यायची.

शेड मात्र सुधारली. ढीग परत झाला नाही. मालक एकदा शेडवाल्याच्या पाठीवर थाप मारून गेला. फक्त संध्याकाळी साचा धुवायला मशीन उतरवलं की शेडवाला कान चोळत बसायचा.

"काय होतंय?"

"आत कुणीतरी सारखी सुई ओढतंय. बारीक. थंडीनं असेल."

"तेल सोडू?"

"नको. सकाळी जातं."

काही दिवसांनी ते सकाळीही जाईना, पण त्यानं ते सांगितलं नाही. आवाजाची चकती मात्र तो थोडी पुढे सरकवायचा. मग अजून थोडी.

थंडी ओसरायच्या बेतात होती, शेडमध्ये पिल्लांची नवी गाडी उतरली होती, तेव्हा अंड्यांच्या गाडीवाल्यानं फडक्यात बांधलेली पुडी आणून दिली. शेडवाल्याचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं. तिला हायसं वाटलं. तिनं लगेच त्याचा साचा त्याच्या मशीनला लावला, सेल घातला आणि त्याच्या कानामागे चढवलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे चालत नाही."

"चालतंय की. नवा सेल घातलाय."

"काय?"

"चालतंय!"

"कुठं चालतंय? लोकांनी पुसून नुसतं परत पाठवलंय. काढ हे. भिंगरीचं दे."

तिनं मशीन काढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्याशी आली. मुठीत धरलं. मुठीतून शिट्टी आली, स्वच्छ, लांब. मूठ उघडली, थांबली. मिटली, आली. ती तशीच बसून मूठ उघडत मिटत राहिली. मशीन जिवंत होतं. म्हणजे जे गेलं होतं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते आपल्या हातानं गेलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. डोळ्यांत धूर होता तेवढाच.

आतून त्याची हाक आली, "झालं का?"

ती आत गेली आणि लेकीचं मशीन लेकीच्या साच्याला लावायला बसली. शेडवाला बघत राहिला.

"अगं, हे काय करतेस? पिल्लं..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंगरीला ओढून समोर बसवलं आणि साचा तिच्या कानात बसवू लागली. कान एका थंडीत वाढला होता. साचा आत ठरेना, कडेनं फट राहिली आणि मशीन शिट्टी मारायला लागलं. आईनं दाबून बसवला. भिंगरी कळवळली. हिसका देऊन तिनं साचा काढला आणि कोपऱ्यात भिरकावून दिला. मग दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून बसली. त्या कानांत तसंही काही शिरत नव्हतं. तरी तिनं ते झाकले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडवाल्याला दिवसभर शेगड्यांकडे बघायला सांगून ती दोघांना घेऊन तालुक्याला गेली. कान तपासणाऱ्या बाईंची खोली लहान होती, भिंतींना जाड फोम मारलेला. आधी बापाला काचेच्या पेटीत बसवलं, मग लेकीला. बाईंनी कागदावरची रेघ जुन्या रेघेशेजारी धरली.

"ह्यांनी मधे कुणाचं दुसरं मशीन घातलं होतं?"

"पोरीचं," ती म्हणाली. "मीच घातलं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हे मशीन पोरीच्या कानाला लावून दिलेलं होतं. तिला भिंतीपलीकडून हाक मारावी लागते, म्हणून ते ओरडतं. ह्यांचा कान उंबऱ्यावरच होता. त्याच्याशी ते दिवसभर ओरडत राहिलं."

"परत येईल का?"

"थोडं कदाचित येईल. ह्यांचं मशीन मी आवाज वाढवून देते, बोलणं कळेल. पण बारीक, चिरके आवाज आता ह्यांना नाही मिळायचे. तुमची पिल्लं धरून."

शेडवाला दोघींच्या तोंडांकडे बघत होता. "काय म्हणतायत?"

ह्या वेळी तिनं सगळं सांगितलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून. तो ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "भिंगरीचं काय?"

बाईंनी भिंगरीच्या कानात गुलाबी लगदा भरून नवं माप घेतलं. म्हणाल्या, नवा साचा येईल तो लगेच लावा आणि झोपेपर्यंत काढू नका. कानाला सवय मोडलीय, ती पुन्हा लावावी लागेल. आणि रोज सकाळी एक करायचं. कुणीतरी तिच्या पाठीमागे बसायचं, तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, म्हणजे ओठ वाचता यायला नकोत, आणि एकेक आवाज काढायचा. आ, ऊ, ई, म, श, स. ऐकू आला की तिनं वाटीत एक दाणा टाकायचा. जो आवाज चुकतो तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या खेपेला मला सांगायचा.

मालकाकडे ती एकटीच गेली. मालक खाद्याची पोती उतरवून घेत होता.

"शेड मी बघते," ती म्हणाली.

"तू?"

"मला ऐकू येतं."

मालक पोत्यावर हात ठेवून उभा राहिला. "आणि तो?"

"ते घर बघतील. पोत्यांना लागतील तेव्हा येतील."

"बायकोच्या हाताखाली पोती उचलेल तो?"

"त्यांना विचारा. पण मोठ्यानं विचारा."

पोती उतरवणारा एकजण फिसकन हसला. मालकही हसत होता, मग हसायचा थांबला. "पडदे, कोळसा, मेलेली उचलणं, सगळं करावं लागेल."

"करते."

"बघू चार दिवस," मालक म्हणाला आणि पोती मोजायला वळला.

खोली राहिली. सकाळी ती कोळशाचं घमेलं डोक्यावर घेऊन शेडमध्ये जायची, आणि शेडवाला चुलीपुढे बसायचा. भाकरी त्याला जमत नव्हती, काठ फाटायचे. ती खाऊन उठायची. एकदा तो म्हणाला, "आत आलो तर चालेल का?" ती म्हणाली, "तुमचीच शेड आहे." तो आला, घमेल्याशी थोडा वेळ उभा राहिला. पिल्लं त्याच्या पायांभोवती चोची उघडत, मिटत होती. बघून तो परत गेला.

नवा साचा आला. भिंगरीनं आधी दोनदा काढून फेकला, तिसऱ्यांदा राहू दिला. साचा धुणं, नळी फुंकणं, मण्यांची डबी, हे आता बापानं घेतलं. त्याची बोटं जाड होती, पण तो नळी अशी पुसायचा, जणू नुकतं अंड्यातून निघालेलं काही पुसतोय. मूठ मिटली तरी शिट्टी त्याला कळत नसे, म्हणून तो मूठ बायकोच्या कानाशी नेऊन तिच्या तोंडाकडे बघायचा. तिनं मान हलवली की मशीन लेकीच्या कानात.

एका सकाळी ती शेगड्या भरून पाणी प्यायला खोलीत आली. उन्हाची तिरीप आत आली होती. भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसली होती, पुढ्यात वाटी, हातात मक्याचे दाणे. मागे बाप, तोंडासमोर पुठ्ठा.

"आ," तो म्हणाला. दाणा वाटीत पडला.

"ऊ." पडला.

"ई." थोडा वेळ गेला, मग पडला.

"म." पडला.

"श." भिंगरीनं दाणा उचलला, वाटीवर धरला, आणि थोडं थांबून सोडला.

"स."

भिंगरीची मान जरा कलली. दाणा बोटांतच राहिला. बापानं वाट पाहिली. मग पुन्हा म्हणाला, ह्या वेळी पुठ्ठ्यामागे गाल ताणून, "स." दाणा हलला नाही. त्यानं पुठ्ठा खाली घेतला आणि बायकोकडे वळून पाहिलं.

"मी म्हटलं ना आत्ता?"

"म्हटलंत."

"आवाज निघाला?"

"निघाला."

"नीट?"

"नीट निघाला," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा लेकीच्या पाठीकडे वळला. पुठ्ठा तोंडासमोर नेला. तेवढ्यात भिंतीपलीकडे एक पिल्लू ओरडलं, मग चारपाच. ती तांब्या ठेवून निघाली. दारातून मागे पाहिलं तेव्हा पुठ्ठ्यावर त्याची बोटं घट्ट झाली होती आणि गळ्याची शीर ताणली होती. म्हणजे तो म्हणत असावा. पडदा उचलून ती धुरात शिरली. आवाज निघतोय की नाही, हे त्याला सांगायला खोलीत आता कुणी नव्हतं.